कळा सुरू झाल्यापासून बाळ कुशीत येईपर्यंत सोबत कोणाची? डौलाचे काम आणि सोलापूरची कुटुंबे

सहचरी :

सोलापुरात मी डौला म्हणून, म्हणजे कळा सुरू झाल्यापासून बाळ येईपर्यंत बाळंतिणीजवळ सतत सोबत करणारी बाई म्हणून काम करते. हे काम करताना मला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. डौला ही शिकलेली सुईण असते का, ती घरी बाळंतपण करून देते का, आणि तिला बोलावले तर डॉक्टरांची गरज उरत नाही का? तिन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. हा गैरसमज दूर व्हावा आणि आपल्या गावातील कुटुंबांना या सोबतीचा उपयोग कसा करून घेता येईल, यावर नीट चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

डौला आतून तपासणी करत नाही, बाळाचे ठोके मोजत नाही, इंजेक्शन देत नाही, सलाईन लावत नाही आणि लावलेले थांबवायलाही सांगत नाही. बाळंतपण करणे हे डॉक्टर आणि परिचारिकेचे काम आहे. डौलाचे काम आहे ते जवळ थांबण्याचे. प्रसूतिकक्षातील परिचारिकेला एकाच वेळी अनेक जणींकडे पाहावे लागते, तिची पाळी संपली की दुसरी येते, आणि डॉक्टर मधूनमधून तपासून जातात. त्यांच्यावरील जबाबदारी पाहता यात कोणाचाच दोष नाही. परंतु जिला कळा येत आहेत तिच्याजवळ आरंभापासून शेवटपर्यंत असे एक तरी माणूस असावे, की ज्याच्यामागे त्या वेळी दुसरे कोणतेही काम नाही. एवढ्या साध्या गोष्टीवर हे सारे उभे आहे.

याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. गर्भाशयाच्या कळा ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे येतात. बाई घाबरली, एकटी पडली किंवा कोणी तिच्यावर ओरडले, तर शरीरात ॲड्रेनलिन वाढते आणि त्यामुळे कळांची लय बिघडू शकते. भीतीने अंग आखडते, आखडल्याने दुखणे वाढते आणि दुखणे वाढले की भीती आणखी वाढते. हे चक्र औषधाने तोडता येते, तसेच ते ओळखीच्या आवाजाने आणि हाताच्या आधारानेही बऱ्याच अंशी सैल होते.

जॉन केनेल, मार्शल क्लाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एका सार्वजनिक रुग्णालयात केलेला अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींचे त्यांनी तीन गट केले होते. पहिल्या गटातील प्रत्येकीजवळ डौला सतत बसून होती. दुसऱ्या गटातील प्रत्येकीच्या खोलीत एक निरीक्षक बाई होती, पण ती काही न बोलता केवळ नोंदी करत होती. तिसऱ्या गटाला नेहमीची सेवा मिळाली. सिझेरियनचे प्रमाण पहिल्या गटात ८ टक्के, दुसऱ्यात १३ टक्के आणि तिसऱ्यात १८ टक्के निघाले. मला यातला दुसरा गट सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जी बाई बोललीही नाही, जिने हातही लावला नाही, तिच्या खोलीत नुसते असण्यानेही फरक पडलेला दिसतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. शक्य असेल तर मी सातव्या महिन्यापासून भेटू लागते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत असल्यामुळे सासर पुण्याचे आणि माहेर सोलापूरचे असलेल्या मुली डोहाळजेवण झाले की इकडे येतात, आणि नेमक्या शेवटच्या टप्प्यात त्यांचे डॉक्टर बदलतात. पहिल्या भेटीत मी फाईल लावून घेते. रक्तगट, हिमोग्लोबिनचे अहवाल, सोनोग्राफी, थायरॉईड आणि साखरेच्या तपासण्या, आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी हे सर्व तारखेप्रमाणे एका पिशवीत असावे लागते. त्यानंतर आम्ही बोलतो ते भीतीविषयी. प्रत्येकीची भीती वेगळी असते. कोणाला टाक्यांची असते, कोणाला सुईची, तर कोणाला आपण ओरडलो तर लोक काय म्हणतील याची असते. ती आधी बोलून झालेली असेल, तर ऐन वेळी ती चेहऱ्यावर दिसताच ओळखू येते.

कळा सुरू झाल्यावरचे एक उदाहरण देते. बाळाची पाठ आईच्या पाठीकडे असेल, तर पुष्कळदा पोटापेक्षा कंबरेतच असह्य दुखते. अशा वेळी आईने पलंगाच्या कडेवर हात टेकून पुढे वाकावे, आणि मागे उभ्या असलेल्या व्यक्तीने आपले दोन्ही तळवे तिच्या नितंबांच्या दोन बाजूंना सपाट ठेवून ते एकमेकांच्या दिशेने घट्ट दाबावेत. कळ चढू लागली की दाब वाढवायचा आणि ओसरू लागली की हळूहळू सोडायचा. कळ चालू असताना एकही प्रश्न विचारायचा नाही. दाब वर हवा की खाली, जास्त हवा की कमी, हे दोन कळांच्या मधल्या वेळेत विचारून घ्यायचे. मनगटाने जोर लावला तर पाचव्या-सहाव्या कळेला हात गळून जातो, म्हणून कोपर शरीराजवळ ठेवून अंगाच्या भाराने दाबावे लागते. हे शिकायला अर्धा तास पुरतो, परंतु ते न थकता तासन्‌तास करणारे माणूस जवळ हवे.

सोलापुरात हे काम किती जणी करतात, याहून मला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न निराळा आहे. प्रत्येक बाळंतिणीला अशी एक प्रशिक्षित सोबत मिळावी, मग ती डौला असो, बहीण असो वा मावशी असो, असे मला मनापासून वाटते. ते आपल्या गावात कसे साधेल, यावर आपली मते वाचायला आवडेल.

वसुधा_मुरारजीपेठ :

लेख आवडला, पण मनात आलेले स्पष्ट लिहिते. आमच्या पिढीत हे सारे आई, आत्या आणि शेजारची एखादी चार बाळंतपणे पाहिलेली बाई करत असे. कंबर चोळणे, उन्हाळ्यात ओल्या फडक्याने तोंड पुसणे, ‘अगं झालंच आता’ असे शंभर वेळा म्हणणे यासाठी कोणी पैसे घेतल्याचे मला आठवत नाही. घरात माणसे असताना परक्या बाईला पैसे देऊन आणणे मला काही पटत नाही. शिवाय लेकीच्या अशा वेळी बाहेरचे माणूस घरात आले, तर लेक तरी मोकळी होईल का?

सहचरी :

काकू, तुमचे म्हणणे मला मान्य आहे, कारण डौलाच्या कामाचे मूळ तुम्ही वर्णन केलेल्या सोबतीतच आहे. मधल्या काळात झाले असे, की बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले आणि सोबत मात्र दाराबाहेर राहिली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयात झाल्याचे दिसते. हे फार चांगले झाले, कारण अतिरक्तस्राव झाला किंवा बाळ अडले, तर घरी जीव वाचवता येत नाही. पण त्या चार बाळंतपणे पाहिलेल्या शेजारीण काकू आज व्हरांड्यातील बाकावर बसलेल्या असतात आणि आतल्या मुलीला त्यांचा आवाजही ऐकू जात नाही.

दुसरे असे, की आजच्या आयांपैकी अनेकींची स्वतःची बाळंतपणेही रुग्णालयातच, एकटीने झाली. दुसऱ्या बाईचे बाळंतपण त्यांनी जवळून पाहिलेले नसते. लेकीला कळा येताना पाहून आईच रडू लागते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि ते स्वाभाविक आहे. अशा वेळी डौलाचा निम्मा आधार त्या आईलाच असतो. लेकीच्या डोक्याशी आई आणि कंबरेशी मी, अशी वाटणी करून घेतली, की आई हळूहळू सावरते. तिला बाजूला करून माझी जागा करायची असे मी कधीच करत नाही.

मुलगी मोकळी होईल का, याचे उत्तर आधीच्या भेटींत दडलेले आहे. ऐन कळांमध्ये पहिल्यांदा भेटलेली डौला परकीच असते.

तालुक्याचा_डॉक्टर :

मी सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करतो. लेखातील बहुतेक मजकुराशी मी सहमत आहे, परंतु दुसरी बाजूही नोंदवणे आवश्यक वाटते.

सर्वप्रथम पुराव्याविषयी. वैद्यकीय पुराव्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा या विषयावरील २०१७ चा आढावा २६ अभ्यास आणि १७ देशांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवर आधारलेला आहे. सतत सोबत मिळालेल्या स्त्रियांमध्ये नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक, सिझेरियनचे कमी आणि प्रसूतीचा कालावधी थोडा कमी आढळला. मात्र त्या लेखकांनीच या पुराव्याची खात्री कमी प्रतीची असल्याचे नमूद केले आहे, कारण अशा अभ्यासात कोणाला सोबत आहे आणि कोणाला नाही हे लपवता येत नाही. कालावधीतील घटही सरासरी पाऊण तासाहून कमी आहे. म्हणून ‘डौला घेतली की सिझेरियन टळते’ असे कोणी सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. नाळ आधी बाहेर आली, वार मुखाशी असली किंवा बाळाचे ठोके घसरत राहिले, तर सिझेरियन हाच उपाय असतो आणि तेथे सोबतीचा प्रश्न येत नाही.

दुसरा मुद्दा मर्यादेचा. माझ्याकडे एकदा सोबत आलेल्या बाईने रुग्णाला ‘ही सलाईन घेऊ नकोस, याने कळा कृत्रिम होतात’ असे सांगितले. पाणी जाऊन बराच वेळ लोटला होता आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढत होता. रुग्णाने माझ्यावर विश्वास ठेवावा की तिच्यावर, अशा पेचात तिला त्या क्षणी टाकणे अयोग्य होते. डौलाने रुग्णाच्या मनातील प्रश्न मला विचारायला तिला जरूर मदत करावी. निर्णय मात्र तिच्या तोंडात घालू नये.

इतके सांगून हेही कबूल करतो, की आमच्या बाजूलाही बदलण्यासारखे बरेच आहे. वर उल्लेख आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील खासगी रुग्णालयांत ४७ टक्क्यांहून अधिक प्रसूती सिझेरियनने झाल्या, तर सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होते. ही तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी स्पष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये गर्भाशयाचे तोंड ५ सेंटिमीटर उघडल्यापासून सक्रिय प्रसूती धरावी आणि ते दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे असा आग्रह धरू नये, असे म्हटले आहे. आई आणि बाळ दोघे ठीक असतील, तर वाट पाहणे हीसुद्धा वैद्यकीय सेवाच आहे, आणि वाट पाहायला रुग्णाला बळ देणारे माणूस जवळ असेल तर आमचेही काम सोपे होते.

सहचरी :

डॉक्टरसाहेब, तुम्ही सांगितलेली मर्यादा मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगते. ‘ही सलाईन कशासाठी आहे, आणखी थोडा वेळ थांबता येईल का, थांबलो तर धोका कोणता’ हे तीन प्रश्न मुलीने स्वतः शांतपणे विचारावेत यासाठी आम्ही आधी घरी सराव करतो. उत्तर मिळाल्यावर निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा असतो. डौलाने त्यात मत देऊ नये.

पूर्वभाग_आशा :

मी शहराच्या पूर्व भागात आशा स्वयंसेविका म्हणून काम करते. आमच्याकडे बहुतेक घरांत विडी वळण्याचे काम चालते आणि पैसे देऊन डौला लावणे येथे कोणालाच परवडणारे नाही. त्यामुळे सरकारी रुग्णालयात काय मिळू शकते, हे सांगणे मला अगत्याचे वाटते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास परवानगी देणाऱ्या सूचना काढल्या आहेत. ती स्त्री असावी, तिला स्वतःला प्रसूतीचा अनुभव असावा, तिला संसर्गजन्य आजार नसावा, तिचे कपडे स्वच्छ असावेत, तिने प्रसूतीच्या पूर्ण काळात थांबावे आणि कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नये, अशा अटी त्यात आहेत. जेथे एकान्ताची व्यवस्था आहे तेथे पतीलाही थांबू देता येते. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिकक्षातील सन्मानाच्या वागणुकीवर आणि सोबतीवर भर आहे. बायकांना याची माहिती नसते, म्हणून त्या विचारत नाहीत. मी आठव्या महिन्यातच सोबतीण कोण हे ठरवून घेते आणि दर महिन्याच्या ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला तिलाही बरोबर घेऊन जाते. तेथील परिचारिकेची आणि तिची तोंडओळख झाली, की पुढे दारात अडचण कमी येते.

आमच्या भागात भाषेचा प्रश्न फार मोठा आहे. घरात तेलुगू बोलणारी मुलगी एरवी मराठी उत्तम बोलते, पण कळा वाढल्या की तिला तेलुगूच सुचते. परिचारिका मराठीत ‘जोर लाव’ म्हणते आणि मुलगी गोंधळते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्या कन्नड बोलणाऱ्या बायकांचेही तसेच होते. सोबतीण तिच्या भाषेतली असेल, तर डॉक्टरांचे एक वाक्य तिच्या कानात तिच्या बोलीत पोहोचते, आणि ओरडण्याची वेळच येत नाही.

आणखी एक सांगते. विडी वळणाऱ्या बायका सूप मांडीवर घेऊन सकाळपासून एकाच बैठकीत बसतात. आठव्या-नवव्या महिन्यातही हजार विड्यांचा हिशेब सुटत नाही. कंबर आणि पाय आखडून जातात, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. शक्य असेल तर हे काम त्या काळात बंद ठेवावे, असे मी सांगते. जेथे ते अशक्य आहे, तेथे दर थोड्या वेळाने उठून चालणे, हात साबणाने धुऊनच जेवणे आणि तंबाखूची टोपली झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवणे, एवढे तरी करून घेते. असे बारीकसारीक सांगणारे आणि पुन्हा पुन्हा येऊन विचारणारे माणूस म्हणजेच डौला असेल, तर आमच्यातील अनेक आशा ते काम कोणतेही वेगळे नाव न घेता करत आहेत.

सहचरी :

ताई, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाच्या वर लावावा इतका मोलाचा आहे. कॉक्रेनच्या त्या आढाव्यात एक बारीक भेद आहे. सिझेरियन कमी होण्याचा परिणाम डौलाच्या भूमिकेतील सोबत असताना सर्वांत ठळक दिसला, तर घरच्या किंवा ओळखीच्या व्यक्तीची सोबत मिळालेल्या स्त्रिया अनुभवाविषयी अधिक समाधानी आढळल्या. माझ्या मते यातून एकच गोष्ट सुचते. घरच्या सोबतिणीचे प्रेम आणि डौलाची तयारी या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत आणता आल्या पाहिजेत, आणि तुमच्यासारख्या आशा ते करू शकतात.

मोहन_साखरपेठ :

माझी नोकरी पुण्यात आहे आणि पत्नी बाळंतपणासाठी सोलापुरात माहेरी आहे. कळा सुरू झाल्याचा फोन आल्यावर मिळेल ती गाडी पकडून पोहोचायला मला चार ते पाच तास लागतील. पहिल्या बाळाच्या वेळी मी पोहोचलो, पण नंतर मला बाहेरच बसवण्यात आले आणि आत काय चालले आहे हे कोणी सांगितले नाही. या वेळी डौला ठरवली, तर माझे काम काय उरेल? आणि आत जाता आले, तर मी नेमके काय करावे? आपल्याकडे पुरुषाने या वेळी जवळ असण्याची रीत नाही, त्यामुळे सासूबाईंना ते आवडणार नाही, याचीही काळजी वाटते.

सहचरी :

मोहनराव, तुमचे काम कमी होणार नाही, उलट ते नीट करता येईल. पहिल्या प्रसूतीत सक्रिय टप्प्याआधीचा काळ बराच लांबतो, त्यामुळे चार-पाच तासांत बहुधा वेळेवर पोहोचता येते. तुमच्यासारखी दुसरी खेप असेल तर मात्र हे लवकर होते, म्हणून तारखेच्या आसपास रजा घेता आली तर उत्तम. वाटेत असताना दर पाच मिनिटांनी फोन करू नका. मी किंवा घरचे कोणी तुम्हाला कळवत राहतील, आणि तिला बोलावेसे वाटेल तेव्हा ती बोलेल.

आत गेल्यावर तुम्ही तिच्या डोक्याशी राहा. कळ चालू असताना तिने श्वास रोखला, तर तुम्ही स्वतः लांब, संथ श्वास सोडा. ती तुमचे पाहून सोडू लागते, ‘श्वास घे’ असे सांगत बसण्यापेक्षा हे अधिक उपयोगी पडते. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी किंवा लिंबू-साखर-मिठाचे सरबत द्या. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात घामाने अंगातील पाणी फार जाते आणि थकवा लवकर येतो. तिला लघवीला जायची आठवण दर दोन तासांनी करा, कारण भरलेल्या मूत्राशयामुळे बाळाचे डोके खाली सरकायला अडचण होते. फोटो काढण्याआधी तिला विचारा. सासूबाईंशी मी बोलेन, आणि बहुतेक वेळा असे घडते, की जावई लेकीजवळ थांबला हे पाहून त्याच नंतर सर्वांना कौतुकाने सांगतात.

नीलाक्षी :

ज्यांचे सिझेरियन ठरलेले आहे त्यांच्यासाठी लिहिते. माझ्या पहिल्या वेळी ऐन वेळी सिझेरियन करावे लागले. ते आवश्यक होते, त्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्या खासगी रुग्णालयात मला टेबलावर नेताना काय होणार आहे हे एकाही व्यक्तीने सांगितले नाही, बहिणीला दारातच थांबवले, आणि बाळ मला कित्येक तासांनंतर दिसले. पुढे कितीतरी महिने मला ती हिरवी चादर आठवली की घाम फुटत असे. दुसऱ्या वेळी रुग्णालय बदलले आणि डौलाची सोबत घेतली. सिझेरियन आधीच ठरले होते, म्हणून अनेकांनी विचारले, की मग तिचा उपयोग काय?

उपयोग पुष्कळ झाला. पाठीत इंजेक्शन देताना कसे बसायचे, त्यानंतर पाय जड होतात, पोटावर ओढल्यासारखे वाटते पण दुखत नाही, हे तिने आधीच सांगितले होते. भूलतज्ज्ञांच्या परवानगीने ती माझ्या डोक्याशी बसली आणि पडद्यापलीकडे काय चालले आहे ते हळू आवाजात सांगत राहिली. बाळाची तपासणी झाल्यावर तिने परिचारिकेला विनंती करून ते माझ्या गालाशी आणि मग छातीशी लावून घेतले. टाके घालणे चालू असतानाच बाळ माझ्या त्वचेला टेकलेले होते. पुढे कुशीवर झोपून, टाक्यांवर भार न येऊ देता दूध कसे पाजायचे, हे त्याच संध्याकाळी शिकवले. शस्त्रक्रिया दोन्ही वेळा झालीच, परंतु दुसऱ्या वेळची मला भीतीशिवाय आठवते.

वसुधा_मुरारजीपेठ :

नीलाक्षी, तुझे वाचून डोळे भरून आले. आता मला बाळंतपणानंतरच्या दिवसांविषयी विचारायचे आहे. आमच्याकडे बाळंतिणीला शेक, शेगडी, धुरी देतात, पाणी बेताने पाजतात, कानाला बांधतात. डौला आली, की हे सर्व बंद करायला लावते का? डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर तरी चालते ना?

सहचरी :

काकू, लाडू, खीर, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, तेल लावणे हे सर्व खुशाल चालू द्या. आयत्या वाफाळत्या ताटाइतकी दुसरी गरज बाळंतिणीला क्वचितच असते. दोन गोष्टींत मात्र मी आग्रह धरते. पाणी कमी करू नका, कारण तिला दूध यायचे आहे आणि सोलापूरच्या उन्हात कोरडेपणाने बद्धकोष्ठ आणि लघवीची जळजळ होते. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका, त्या धुराने आई आणि बाळ दोघांचा जीव गुदमरू शकतो. बाळाला मध, गुळाचे पाणी, घुटी असे काहीही न देता पहिल्या तासातच आईचे चीक दूध पाजावे, हेही यातच आले.

याखेरीज मनाकडे लक्ष द्यावे लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येणे पुष्कळ जणींत आढळते आणि ते काही दिवसांत ओसरते. परंतु दोन आठवड्यांनंतरही उदासी गेली नाही, झोप येईनाशी झाली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा ‘मी नसते तर बरे’ असे शब्द आले, तर दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवून न थांबता तिला डॉक्टरांकडे न्यावे. बाळ पाहायला येणाऱ्यांनी बाळाआधी आईला ‘तू कशी आहेस’ असे विचारावे, ही माझी प्रत्येक घरात विनंती असते.

रेवती_होटगीरस्ता :

चर्चा उत्तम झाली आहे. डौला निवडताना काय पाहावे हे कोणी सांगेल का? समाजमाध्यमांवर दोन दिवसांचा वर्ग करून स्वतःला डौला म्हणवणाऱ्याही दिसतात.

सहचरी :

आपल्याकडे डौलांची नोंदणी करणारी सरकारी परिषद नाही. प्रमाणपत्रे खासगी संस्था देतात आणि त्यांचा दर्जा सारखा नसतो, म्हणून चौकशी स्वतःच करावी लागते. तिने याआधी ज्यांना सोबत केली अशा एक-दोन कुटुंबांशी बोला. ऐन वेळी तिला येता आले नाही तर बदली कोण येईल, तारीख पुढे गेली तर काय, सिझेरियन झाले तर ती थांबणार का, बाळंतपणानंतर किती भेटी देणार, आणि या सर्वांचे मानधन किती, हे आधी लेखी ठरवा. जी नैसर्गिक प्रसूतीची हमी देते, डॉक्टरांविषयी भीती घालते, घरीच थांबा म्हणून सांगते किंवा औषध-काढे विकते, तिला नकार द्या. रक्त जाऊ लागले, पाणी हिरवट आले, बाळाची हालचाल मंदावली, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा झटका आला, तर चांगली डौला एकच सांगेल, की १०८ ला फोन करा आणि ताबडतोब निघा.

तालुक्याचा_डॉक्टर :

या यादीशी पूर्ण सहमत. माझ्याकडून एक प्रस्ताव मांडतो. माझ्या रुग्णालयात प्रसूतीसाठी नाव घातलेल्या प्रत्येक स्त्रीने नवव्या महिन्याच्या एका तपासणीला आपल्या सोबतिणीला बरोबर आणावे. तिला प्रसूतिकक्ष दाखवला जाईल, कोठे उभे राहायचे आणि कशाला हात लावायचा नाही हे सांगितले जाईल, आणि त्यानंतर तिला आत थांबू दिले जाईल. दोन खाटांमध्ये पडदे लावण्याचे काम मी आधी पूर्ण करून घेतो, कारण एकीची सोबत दुसरीचा संकोच होता कामा नये.

पूर्वभाग_आशा :

डॉक्टरसाहेब, असे झाले तर फार बरे होईल. सहचरीताई, कंबर दाबण्याची ती पद्धत, श्वासाचे सांगणे, तीन प्रश्न आणि धोक्याच्या खुणा एवढे एका कागदावर चित्रांसह मिळेल का? तेलुगूत मी लिहून देते, कन्नडसाठी आमच्या केंद्रातील एक ताई तयार आहेत. अक्षरे मोठी ठेवा, कारण पुष्कळ सोबतिणी पन्नाशीच्या पुढच्या असतात आणि कित्येकींना चित्रावरूनच समजून घ्यावे लागते.

सहचरी :

या आठवड्यात मराठी मसुदा येथेच टाकते. डॉक्टरसाहेबांनी धोक्याच्या खुणांचा भाग तपासून द्यावा, आणि काकू, शेक-शेगडीविषयीच्या ओळी तुम्ही लिहाव्यात, म्हणजे त्या घरोघरी मानल्या जातील.